तारेकडे पाहिलं, फेऱ्याकडे नाही

लोखंडी ग्लँड प्लेटला तीन भोकं पाडली, प्रत्येक भोकातून एकेका फेजची सिंगल कोअर केबल आत घेतली आणि पॅनेल चालू केलं. केबल पुरेशा जाडीची होती, लग घट्ट आवळलेले होते, मेगरने इन्सुलेशन तपासून झालं होतं. तरी थोड्याच वेळात प्लेटला हात लावता येईना आणि भोकांच्या कडेचा रंग करपू लागला.

कोल्हापूर भागातल्या एका फाउंड्रीत मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला नुकती लागले होते, तेव्हाची ही चूक. डिप्लोमाला विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा माझ्या खास आवडीचा होता. फॅरेडेचा नियम तोंडपाठ होता: बंद फेऱ्यातून जाणारा चुंबकीय फ्लक्स जितक्या वेगाने बदलतो, तितका विद्युतदाब त्या फेऱ्यात तयार होतो. उत्तरपत्रिकेत हे वाक्य मी अनेकदा लिहिलं. कारखान्यात मात्र माझी नजर तारेवर असायची. तार किती जाड, तिच्यातून किती अँपिअर, ती कुठून कुठे गेली. तारेच्या बाजूला असलेलं लोखंड, कठडा, पत्रा, चौकट हेही कुणाचे तरी ‘फेरे’ आहेत, हे माझ्या डोळ्यांना दिसतच नव्हतं. पुढे सांगते त्या बहुतेक चुका तिथूनच निघाल्या. आता मी पॉलिटेक्निकला शिकवते आणि त्याच चुका मुलामुलींच्या जर्नलमध्ये पुन्हा भेटतात, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते आहे.

प्लेट तापली तेव्हा मी आधी केबललाच दोष दिला. केबल कमी जाडीची पडली असणार, असं सांगून मी वरच्या मापाची मागवली. खर्च झाला, एक पाळी बंद राहिली, आणि नवी केबल टाकल्यावर प्लेट आधीइतकीच तापली. तापणारच होती. प्लेट केबलच्या उष्णतेने तापत नव्हती. तारेतून प्रवाह गेला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र वर्तुळाकार फिरतं. त्या वर्तुळाच्या वाटेवर भोकाच्या कडेचं लोखंड सलग आलं, म्हणजे फ्लक्सला हवेपेक्षा कितीतरी सोपा रस्ता मिळाला. हा फ्लक्स सेकंदाला पन्नास आवर्तनं करतो. त्याच्या बदलामुळे प्लेटच्या जाडीत भोवरा प्रवाह फिरतात, शिवाय लोखंडाचं चुंबकन सतत उलटंसुलटं होताना त्यातही उष्णता निघते. केबल जाड केली तरी प्रवाह तोच, फ्लक्स तोच, उष्णताही तीच.

आमच्या फोरमनना सगळे अण्णा म्हणायचे. त्यांनी प्लेट उतरवली आणि ग्राइंडरने तिन्ही भोकं एकमेकांना जोडणारी खाच पाडली. तिन्ही फेजचे प्रवाह समतोल असले की त्यांची बेरीज कुठल्याही क्षणी शून्य असते. एकट्या केबलला वेढणारं लोखंडाचं कडं खाचेने तुटलं. तिघींना मिळून वेढणारं कडं शिल्लक राहिलं, पण त्याच्यापुरता निव्वळ प्रवाहच नाही. प्लेट गार राहिली. पुढे आम्ही तिथे अ‍ॅल्युमिनिअमची प्लेट बसवली, तीही गार राहिली.

आणि इथे मी चुकीचा धडा घेतला. माझ्या मनाने नोंद केली: लोखंड तापतं, अ‍ॅल्युमिनिअम तापत नाही.

त्या फाउंड्रीत लोखंड वितळवायला इंडक्शन भट्टी होती. जिने ही भट्टी पाहिली नाही तिच्यासाठी थोडं सांगते. मध्ये मुशीसारखं अस्तर, त्याच्याभोवती तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं, नळीतून सतत थंड पाणी. वेटोळ्यातून सेकंदाला हजाराच्या आसपास आवर्तनांचा मोठा प्रवाह जातो. आतल्या भंगाराला कुठलीही तार जोडलेली नसते, ज्योत लागत नाही, तरी ते लाल होतं, पांढरं होतं आणि वितळून जातं. पातळ झालेलं लोखंड स्वतःहून ढवळलं जातं, कारण त्याच्यात फिरणारा प्रवाह आणि वेटोळ्याचं क्षेत्र यांच्यात जोर लागत असतो. रसाचा मधला भाग फुगवट्यासारखा वर उचललेला दिसतो. हे दृश्य मी वर्षानुवर्षं पाहिलं आणि मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. तांब्याचं वेटोळं प्रायमरी, भंगार ही एकाच वेढ्याची सेकंडरी. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच.

भट्टीभोवती गोल कठडा बसवायचा होता. आमच्या त्या लहान भट्टीला फ्लक्स आवरून धरणारे पत्र्यांचे शंट नव्हते, त्यामुळे क्षेत्र बाहेर पसरायचं. लोखंडी कठडा तापेल एवढं मला कळत होतं. म्हणून मी अ‍ॅल्युमिनिअमच्या पाइपचा कठडा करून घेतला, पूर्ण गोल, तुकडे नटबोल्टने एकमेकांना जोडलेले. भट्टीने पूर्ण पॉवर घेतली आणि एका सांध्यातून बारीक ठिणग्या उडू लागल्या. सांध्याजवळचा पाइप हात भाजेल इतका तापला होता.

चूक काय झाली हे कळायला मला फार वेळ लागला. ग्लँड प्लेटमध्ये लोखंड फ्लक्सला वाट करून देत होतं. लोखंड काढलं की फ्लक्सच कमी झाला, म्हणून अ‍ॅल्युमिनिअमने काम भागलं. भट्टीपाशी फ्लक्स वेटोळ्याचा होता आणि तो कठड्याच्या गोलातून जाणारच होता, कठडा कशाचाही असो. अ‍ॅल्युमिनिअमचा रोध कमी, म्हणून प्रवाह उलट जास्त. तो सगळा प्रवाह ज्या सांध्यात अडखळत होता, तिथे उष्णता. बदलायला हवा होता तो धातू नव्हे. फेरा तोडायला हवा होता.

मग आम्ही एका सांध्यात बेकलाइटचे वॉशर आणि स्लीव्ह घातले. तरीही मी एक चूक करून ठेवलीच: सुरक्षितता म्हणून तुटलेल्या दोन्ही टोकांना एकाच अर्थिंग पट्टीवर जोडलं. पट्टीतून फेरा पुन्हा पूर्ण झाला आणि आता पट्टी तापू लागली. अर्थिंग एकाच टोकाला ठेवलं तेव्हा कुठे प्रश्न मिटला.

याच्या उलट टोकाच्या चुकाही केल्या, त्या थोडक्यात सांगते. जिथे प्रवर्तन नाही तिथे मला ते दिसू लागलं. गणेशोत्सवात आमच्या गल्लीतल्या मंडळाने ड्रमवर गुंडाळलेली दोन वायरींची केबल तशीच गुंडाळलेली ठेवून मंडपाच्या हॅलोजनना जोडली होती. ती तापून मऊ पडली. ‘गुंडाळल्यामुळे कॉइल झाली, इंडक्शनने तापली,’ असं मी पोरांना ठासून सांगितलं. ते साफ चूक होतं. केबलमधून एका वायरने प्रवाह जातो, दुसरीने तेवढाच परत येतो. दोघांचे फ्लक्स एकमेकांना खोडतात. केबल तापली ती तिच्या स्वतःच्या रोधामुळे, आणि वेटोळ्यांच्या आत कोंडलेली उष्णता बाहेर न गेल्यामुळे. ड्रमवरची केबल पूर्ण उलगडूनच वापरायची, हा सल्ला बरोबर होता, पण कारण खोटं होतं. खोटं कारण डोक्यात असलं की माणूस पुढच्या ठिकाणी चुकतो. मी चुकलेच: भट्टीच्या पाण्याच्या पंपाची केबल तीन कोअरची होती, तिच्यावर मी क्लॅम्प मीटरचा जबडा सबंध केबलभोवती बसवला, वाचन शून्य आलं आणि मोटर प्रवाह घेत नाही असं ठरवून ती उतरवायला लावली. मोटर धडधाकट होती. जबड्याच्या फेऱ्यातून तिन्ही प्रवाह एकदम जात होते, त्यांची बेरीज शून्य, म्हणून मीटर खरं तेच सांगत होता. क्लॅम्प मीटर एका वेळी एकाच वायरीभोवती बसवायचा असतो. घराघरातला आरसीसीबी याच बेरजेवर जगतो: फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच कड्यातून जातात, गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला, म्हणजे तेवढा प्रवाह कुणाच्या तरी शरीरातून किंवा भिंतीतून जमिनीत चालला आहे, की तो सप्लाय तोडतो.

आता जी चूक सांगायची आहे ती सांगताना आजही मला जड जातं.

मोठ्या पॅनेलमध्ये शेकडो अँपिअरचा प्रवाह मोजायला मीटर थेट लावत नाहीत, मध्ये करंट ट्रान्सफॉर्मर असतो, सीटी. मुख्य बसबार सीटीच्या कड्यातून आरपार जातो, हाच प्रायमरीचा एक वेढा. सेकंडरीचे अनेक वेढे, आणि त्यांतून मीटरला जास्तीत जास्त पाच अँपिअर. एका पॅनेलवरच्या अँमीटरचा काटा अडकला होता. भट्टी चालू होती, ओतकाम थांबवायचं नव्हतं. मी वायरमनना सांगितलं, ‘पाचच अँपिअरची बाजू आहे, मीटर काढून दुसरा लावा.’ त्यांनी विचारलं, ‘मॅडम, आधी शॉर्ट करायचं का?’ टर्मिनल ब्लॉकवर त्यासाठीच्या पट्ट्या होत्या. मी म्हटलं, ‘गरज नाही, लवकर करा.’

त्यांनी एक वायर सुटी केली. सीटी गुरगुरला, टर्मिनलवर निळसर चाप उठला आणि त्यांचा हात झटक्याने मागे फेकला गेला. बोटं भाजली. आम्ही ब्रेकर पाडला.

नेहमी सीटीच्या सेकंडरीतला प्रवाह प्रायमरीच्या परिणामाला जवळजवळ पूर्ण खोडत असतो, त्यामुळे गाभ्यात फ्लक्स अगदी थोडा उरतो. सेकंडरी उघडली की खोडणारं कुणी राहत नाही. प्रायमरीचा प्रवाह मात्र कमी होत नाही, कारण तो भट्टी ठरवते, सीटी नव्हे. सगळाच्या सगळा प्रवाह आता गाभ्याला चुंबकीय करायला लागतो. गाभा अर्ध्या आवर्तनात एका दिशेला भरतो, पुढच्या अर्ध्यात उलटा भरतो, आणि उलटताना फ्लक्स इतका वेगाने बदलतो की सेकंडरीच्या उघड्या टोकांवर हजारो व्होल्टची शिखरं उभी राहू शकतात. मी ‘पाच अँपिअर’ पाहिले होते. पाच अँपिअर कुणामुळे पाच राहतात, हे पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी लॉगबुकमध्ये मी ‘टर्मिनल सैल असल्याने चाप’ असं लिहिलं. ही चूक पहिलीपेक्षा मोठी होती, कारण पहिली अज्ञानातून झाली होती आणि ही भीतीतून. सैल टर्मिनलचा दोष कुणाकडे जातो? ज्याने ते आवळलं त्याच्याकडे, म्हणजे ज्याची बोटं भाजली त्याच्याकडेच. ड्रेसिंग करून परत आलेल्या त्या गृहस्थांनी मला एवढंच विचारलं, ‘माझ्याकडून काय राहिलं?’ मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ती नोंद खोडून खरी लिहिली: ‘सेकंडरी शॉर्ट न करता मीटर काढण्याची सूचना माझी. वायरमननी विचारणा केली होती.’ खाली सही केली. त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या पत्नीसमोर हेच सांगितलं. त्यांची बोटं बरी झाली. वर्गात सीटी शिकवताना मी आधी ही नोंद सांगते आणि नंतर आकृती काढते.

शिकवायला लागल्यावर चुकांचा प्रकार बदलला. आता कुणाचा हात भाजत नव्हता, पण एका चुकीच्या वाक्याने साठ मुलं एकदम चुकत होती.

पहिलं वाक्य: ‘तार बलरेषा कापते म्हणून विद्युतदाब निर्माण होतो.’ जनित्र शिकवताना हे सोयीचं पडतं. एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, ट्रान्सफॉर्मरमध्ये काहीच हलत नाही, मग कोण काय कापतं?’ मी सांगितलं की बलरेषा पसरताना आणि आक्रसताना वेढ्यांना कापतात. ती बसली, तिचं समाधान झालं नव्हतं हे मला दिसत होतं. माझंही झालं नव्हतं. चांगल्या बनावटीच्या गोल गाभ्यात फ्लक्स जवळजवळ सगळा गाभ्याच्या आतच असतो. बाहेरच्या वेढ्याची तार जिथे आहे तिथे चुंबकीय क्षेत्र नावालाच. त्या तारेला कापायला तिथे बलरेषाच नाहीत, तरी तिच्यात दाब येतो, कारण तिने वेढलेल्या जागेतून बदलता फ्लक्स जातो आहे. बदलतं चुंबकीय क्षेत्र आपल्याभोवती विद्युतक्षेत्र निर्माण करतं, तिथे तार असो वा नसो. तार हलते तेव्हाची गोष्ट वेगळी, तिथे तारेतल्या विद्युतभारांवर थेट चुंबकीय जोर लागतो. दोन वेगळी कारणं आणि त्यांना कवेत घेणारा एकच नियम; रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या भौतिकीवरच्या व्याख्यानांत या गोष्टीवर मुद्दाम बोट ठेवलं आहे. ते प्रकरण मी वाचलं तेव्हा ती मुलगी पास होऊन गेली होती. पुढच्या बॅचला मी तिच्या प्रश्नापासूनच सुरुवात केली.

दुसरं वाक्य लेन्झच्या नियमाचं. ‘प्रवर्तित प्रवाहाचं क्षेत्र चुंबकाच्या क्षेत्राच्या विरुद्ध असतं,’ असं मी फळ्यावर लिहायची. १८३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नियमात विरोध आहे तो बदलाला. चुंबक कॉइलपासून दूर नेला तर फ्लक्स घटतो, मग प्रवर्तित क्षेत्र चुंबकाच्याच दिशेने उभं राहून ती घट भरून काढू पाहतं. माझ्या वाक्यावर विसंबलेल्या मुलांनी परीक्षेत अर्धी उदाहरणं बरोबर आणि अर्धी चूक सोडवली. आणि मी त्यांचे गुण कापले.

तिसरी चूक इतिहासाची. फॅरेडेने कॉइलमध्ये चुंबक सरकवला, काटा हलला आणि शोध लागला, असं मी सांगत असे. प्रयोगवहीतल्या नोंदींचा क्रम वेगळा आहे. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने मऊ लोखंडाच्या कड्यावर दोन्ही बाजूंना तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळली होती. कड्याचा बाहेरचा व्यास सहा इंच, वेढ्यांच्या मध्ये सुतळी आणि सुती कापड. एका बाजूला बॅटरी; दुसऱ्या बाजूच्या तारेखाली थोड्या अंतरावर चुंबकसुई. बॅटरी जोडताना सुई हलली आणि पुन्हा जागेवर आली. तोडताना पुन्हा हलली. मधल्या काळात स्थिर. कारखान्यात ट्रान्सफॉर्मर पाहून आलेल्या मला हे कडं ओळखीचं वाटायला हवं होतं. हातातल्या चुंबकाचा प्रयोग १७ ऑक्टोबरला झाला, आणि फिरत्या तांब्याच्या चकतीतून सतत प्रवाह काढण्याचा २८ ऑक्टोबरला.

या आधीही, १८२५ मध्ये, फॅरेडेने शोध घेतला होता आणि हाती काही लागलं नव्हतं. शेजारच्या तारेत स्थिर प्रवाह गेला म्हणजे आपल्या तारेतही स्थिर प्रवाह यावा, अशी त्या काळी सगळ्यांचीच अपेक्षा होती. जिनिव्हाच्या कोलाडॉनने तर गॅल्व्हानोमीटर चुंबकाच्या थेट परिणामापासून वाचावा म्हणून दुसऱ्या खोलीत ठेवला. चुंबक कॉइलमध्ये घालून तो त्या खोलीत जाईपर्यंत काटा हलून परत जागेवर आलेला असे. ही गोष्ट मी वर्गात मुलांना हसवायला सांगत असे, त्याचं मला वाईट वाटतं. कोलाडॉनने काळजी घेतली होती, आणि ती काळजी योग्य होती. चुकीची होती ती अपेक्षा, आणि तीच अपेक्षा घेऊन माझे विद्यार्थी दरवर्षी येतात: चुंबक कॉइलमध्ये ठेवून ‘मॅडम, काही येत नाही’ म्हणतात. त्यांना हसणं म्हणजे त्यांच्या डोक्यात काय चाललं आहे ते न ऐकणं.

तांब्याच्या नळीतून निओडिमिअम चुंबक सोडायचा प्रयोग मुलांना फार आवडतो. चुंबक सावकाश खाली उतरतो, बघताना श्वास रोखला जातो. मी एकदा जाहीर केलं की नळीला उभी चीर पाडली तर फेरा तुटेल आणि चुंबक दगडासारखा पडेल. कठड्याचा अनुभव पाठीशी होता, मी निश्चिंत होते. वर्कशॉपमधून चीर पाडून आणली. चुंबक अखंड नळीपेक्षा लवकर पडला, पण दगडासारखा मुळीच नाही. तो रेंगाळतच उतरला. मुलं माझ्याकडे बघत राहिली.

फेरा म्हणजे नळीचा घेर, असं मी धरलं होतं. फ्लक्सला आपण काढलेली आकृती माहीत नसते. चुंबकाच्या पुढे फ्लक्स वाढतो, मागे घटतो, म्हणून पुढचा आणि मागचा प्रवाह परस्परविरुद्ध दिशेने फिरतात. चिरेपाशी आल्यावर पुढचा प्रवाह तिच्या कडेने वळतो आणि मागच्याला जाऊन मिळतो, आणि नळीच्या भिंतीतच बंद फेरा पूर्ण होतो. धातूचा सलग पत्रा जिथे आहे तिथे फेरा स्वतःची वाट शोधतो. ट्रान्सफॉर्मरचा गाभा म्हणूनच पातळ, एकमेकांपासून इन्सुलेट केलेल्या पत्र्यांचा असतो: एका चिरेने भागत नाही, जाडीच फोडावी लागते.

याच काळात घरी इंडक्शनची शेगडी आली. सासूबाईंनी विचारलं, अ‍ॅल्युमिनिअमचं पातेलं का चालत नाही? मी म्हटलं, चुंबक चिकटत नाही, म्हणून त्यात इंडक्शन होत नाही. अ‍ॅल्युमिनिअमचा कठडा तापलेला मी स्वतः पाहिला होता, तरी हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. प्रवर्तन अ‍ॅल्युमिनिअममध्ये होतं, चांगलं जोरात होतं. पण शेगडी सेकंदाला वीस हजारांहून अधिक आवर्तनांवर चालते आणि त्या वेगाला प्रवाह धातूच्या कातडीपुरता राहतो. अ‍ॅल्युमिनिअममध्ये ती कातडी सुमारे अर्धा मिलिमीटर, चुंबकीय लोखंडात एक दशांश मिलिमीटरच्या आत. लोखंडाचा मूळ रोधही जास्त. परिणामी तेवढ्याच प्रवाहाला लोखंडी बुडात कितीतरी पट उष्णता निघते. अ‍ॅल्युमिनिअमच्या बुडात प्रवाह फिरतो, पण पुरेसं तापत नाही आणि शेगडीच्या स्वतःच्या कॉइलवर ताण येतो, म्हणून तिचं सर्किट भांडं ओळखत नाही आणि काम थांबवतं. हे सगळं मी सासूबाईंना नंतर सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं की मग तळाला लोखंडी पत्रा बसवलेली अ‍ॅल्युमिनिअमची भांडी मिळतात ती त्यासाठीच का. हो, त्यासाठीच.

शेवटची चूक सर्वांत अलीकडची. एका विद्यार्थ्याने प्रोजेक्टसाठी ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याभोवती एकच फेरा केला, त्यात एका बाजूला शंभर ओहम आणि दुसऱ्या बाजूला नऊशे ओहमचा रोध. फेऱ्यातला एकूण दाब त्याने एक व्होल्टवर आणला. दोन रोधांच्या मधल्या दोन बिंदूंना त्याने दोन व्होल्टमीटर जोडले, एक गाभ्याच्या डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही मीटर त्याच दोन बिंदूंवर. एकात ०.१ व्होल्ट, दुसऱ्यात ०.९. मी म्हटलं, एकाच दोन बिंदूंमध्ये दोन दाब असूच शकत नाहीत, मीटर खराब आहे. त्याने मीटरांच्या जागा बदलून दाखवल्या. आकडे जागेला चिकटून राहिले. तरी मी त्याला प्रयोग पुन्हा करायला सांगितलं आणि जर्नलवर ‘उपकरणातील त्रुटी’ असा शेरा मारला.

रॉबर्ट रोमर या अमेरिकन प्राध्यापकांचा १९८२ मधला एक लेख नंतर माझ्या वाचनात आला. व्होल्टमीटर नेमकं काय मोजतो, असाच त्याचा प्रश्न आहे, आणि त्यात हाच प्रयोग आहे. बदलता फ्लक्स मध्ये असला की दोन बिंदूंमधला ‘एकच’ दाब ही कल्पनाच उरत नाही. मीटर आणि त्याच्या वायरी मिळूनही एक फेरा होतो. डावीकडचा मीटर शंभर ओहमबरोबर जो फेरा करतो त्यातून फ्लक्स जात नाही, म्हणून तो शंभर ओहमवरचा दाब दाखवतो. उजवीकडचा तसाच नऊशेवरचा. ऑसिलोस्कोपवर पाहिलं तर दोन्ही लहरी उलट्या दिशेने चढतात, आणि त्यांची गोळाबेरीज बरोबर एक व्होल्ट होते. दोन्ही मीटर ठीक होते. त्या मुलाचं वाचन ठीक होतं. मी मीटरच्या दोन टोकांकडे पाहिलं होतं, वायरींच्या वाटेकडे नाही.

तो तोवर नोकरीला लागला होता. मी फोन करून त्याला सांगितलं की तुझं बरोबर होतं आणि माझा शेरा चुकीचा होता. तो म्हणाला, ‘मॅडम, मला वाटलंच होतं, पण तुम्ही म्हणालात म्हणून मी आकडे बदलले.’ जर्नलमध्ये त्याने दोन्हीकडे ०.५ लिहून ठेवलं होतं, आणि ते मी तपासून सही केलं होतं.

आता हा प्रयोग आमच्या लॅबमध्ये सर्वांना करावा लागतो. आकृतीत मीटरची वायर गाभ्याच्या कोणत्या बाजूने गेली ते काढायचं, आणि वाचन जसं आलं तसं पेनने लिहायचं. दोन्हीकडे सारखे आकडे दिसले, तर मी त्या मुलाला किंवा मुलीला बोलावून टेबलापाशी उभी राहते आणि प्रयोग माझ्यासमोर पुन्हा करायला सांगते.